माशात दूध

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या पाककृतीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



माईकसमोर उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यानंतर जे काही शिकले ते चुलीपुढे, बाजारात आणि थोडेफार आपल्या या मंडळात. चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे ते परदेशी माशांचे सूप होते म्हणे. ते करून दाखवा आणि चार शब्द बोला.” करून दाखविणे हातचे आहे. चार शब्दांची मात्र आठ दिवस धास्ती होती. मुलीने वहीत मुद्दे लिहून दिले, पण चष्मा घरीच राहिला. तेव्हा आठवेल तसे सांगते. इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

इथे टेबलावर काय मांडले आहे ते तुम्ही पाहिलेच असेल. मासे आहेत, गाजर, बटाटा, नवलकोल आहे, कांद्याची पात आहे, शेपू आहे. आणि शेजारी दुधाचे पातेले आणि सायीचे भांडे आहे. ते पाहून मागच्या रांगेत काही जणींची कुजबूज झाली, ती मला इथपर्यंत ऐकू आली. राग नाही. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच कुजबुजले असते. म्हणून आधी त्या दुधाविषयीच बोलते, सूप मागाहून.

हा पदार्थ नॉर्वे देशाचा. तिकडे त्याला फिस्केसुप्पे म्हणतात. फिस्क म्हणजे मासा. नॉर्वे म्हणजे युरोपच्या अगदी उत्तरेचा, समुद्राला चिकटून असलेला लांबलचक देश. हिवाळ्यात तिथे दिवस म्हणून फारसा उगवतच नाही. त्यांचा मोठा मासा म्हणजे कॉड, त्यांच्या भाषेत तोर्स्क. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो अंडी घालायला उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांपाशी येतो आणि तोच तिथल्या कोळ्यांचा हंगाम. पकडलेला मासा ते लाकडी मांडवावर टांगून, मीठ न लावता, नुसत्या गार वाऱ्यावर वाळवितात. भाच्याने मोबाईलवर त्याचा फोटो दाखविला तेव्हा मला आपल्याकडची बोंबलाची वलांडीच आठवली. फरक एवढाच की आपले बोंबील उन्हाने वाळतात आणि त्यांचे मासे थंडीने.

आपला आणि त्या लोकांचा संबंध काही आजचा नव्हे. १९५२ साली भारत सरकार, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा या गावी नॉर्वेच्या लोकांनी मच्छीमारांसाठी मोठे काम उभे केले. इंजिनाच्या होड्या, बर्फ, दवाखाना असे सगळे त्यात होते. पुढे ते काम आपल्या सीमेपलीकडच्या कारवारपर्यंत आले. होड्या आल्या, जाळी आली, पण त्यांचे सूप काही तेव्हा आपल्या चुलीवर आले नाही. आमच्या घरी ते आले माझ्या भाच्याबरोबर.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जहाजावर आहे. जहाजावरच्या स्वयंपाकाचा कोर्स करून तो लागला. जुने खलाशी ज्याला भंडारी म्हणत, त्या मुख्य आचाऱ्याच्या हाताखाली तो काम करतो. जहाज नॉर्वेच्या मालकांचे. एकदा ते बर्गन बंदराला लागले होते. बर्गन म्हणजे पावसाचे गाव. आपल्या आषाढासारखा पाऊस तिथे बारमाही पडतो म्हणतात. धक्क्याला लागूनच मासळीबाजार आहे. त्या बाजारात चार चिंब भिजलेली पोरे एका टपरीवर गेली आणि तिथे त्यांना वाडग्यातून पांढरे, दाट, वाफाळलेले सूप मिळाले. पोरगा सांगत होता, “मावशी, पहिला घोट घेतला आणि आजीची आठवण आली.” मी विचारले, “आजीने कधी तुला असले काही घातले होते?” तर म्हणतो, “नाही. पण आजी असती तर तिला हे दाखवायला हवे होते.”

त्याच्या या एका वाक्यामुळे मी आज इथे उभी आहे. आता जे सांगणार आहे ते बहिणीला विचारूनच सांगते.

माझी बहीण तेरा वर्षांची असताना तिच्या ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला. मग बोटांवर, मग मनगटावर. कोड. आमच्या माहेरच्या आळीत पहिला प्रश्न पोरीला कुणी विचारला नाही. विचारला तो आईला. “पोटुशी असताना म्हावऱ्यावर दूद पेलीस का गो?” आणि माझ्या आईला खरोखरच एक रात्र आठवली. बोंबलाचे कालवण झाले होते, घरात माणसे जास्त, तिच्या वाटणीला भात उरला नाही. तशीच झोपायला गेली, पण पोटात आग पडलेली. उठून तिने पेलाभर दूध प्यायले. एवढेच. भुकेल्या गरोदर बाईने पेलाभर दूध प्यायले.

त्या एका पेल्याचे ओझे आईने मरेपर्यंत वाहिले. आमच्या घरात पुढे दुधाचे पातेले एका कोपऱ्यात आणि मासळीचे भांडे दुसऱ्या कोपऱ्यात. मासे खाल्ले त्या दिवशी पोरांना दूध बंद, चहासुद्धा बिनदुधाचा. बहिणीने तर दूध कायमचेच सोडले. तिचे पहिले लग्न साखरपुड्यानंतर मोडले. निरोप आला त्यात कारण दिले नव्हते. द्यायची गरजही नव्हती. एका लग्नाच्या पंगतीत ती वाढायला उभी राहिली, तर घरच्याच एका बाईने तिच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाली, “तू बस गो, दमली असशील.” सगळ्यांना कळले, तिलाही कळले. पुढे तिला चांगला नवरा मिळाला, संसार चांगला झाला. पण त्या दिवसापासून ती कुठल्या पंगतीत वाढायला उभी राहिली नाही.

आई २००९ साली गेली. २०१३ साली बहिणीला घेऊन मी एका मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, ते दुसऱ्याच कामासाठी, पुरळ आले होते म्हणून. त्यांनी कोडाविषयी आपण होऊन विचारले. बहिणीने नेहमीचे उत्तर दिले की आईने माशावर दूध प्यायले होते. बाईंनी हातातले पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. आपल्या शरीराची रोगाशी लढणारी जी शक्ती आहे, ती चुकून त्या पेशींवरच उलटते आणि त्या मरतात, म्हणून डाग पडतो. हे दुधाने होत नाही, माशाने होत नाही, दोन्ही एकत्र खाल्ल्यानेही होत नाही. स्पर्शाने एकाचे दुसऱ्याला लागतही नाही आणि महारोगाशी याचा काही संबंध नाही.” जगात शंभरात एखाद्या माणसाला हा विकार असतो, असेही त्यांनी सांगितले. बाहेर येऊन आम्ही दोघी बाकावर बसलो. बहीण एवढेच म्हणाली, “चार वर्षं उशीर झाला.”

मी शिकलेली नाही, पण घरी येऊन विचार करू लागले. आमच्या समोरच्या इमारतीत एक कुटुंब आहे, त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही. त्यांच्या मुलाला कोड आहे. त्याला माशाचा दोष कसा द्यायचा? आणि नॉर्वेची माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या दुधात, सायीत मासा शिजवून खात आली आहेत. शेजारच्या फिनलंडातही तसेच, स्कॉटलंडात धुरावलेला मासा दुधात शिजवितात, अमेरिकेतही शिंपल्यांचे दुधातले सूप प्रसिद्ध आहे. दूधमाशाने कोड होत असते, तर त्या देशांत अंगभर एकरंगाचा माणूस औषधालाही मिळाला नसता.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत हे आपल्या आजीबाईंनी मनचे काढलेले नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराची यादी आहे आणि त्यात हे आहे, असे मला आमच्या ओळखीच्या वैद्यांनी सांगितले. त्यांचे शास्त्र मोठे आहे आणि त्याविषयी बोलण्याची माझी योग्यता नाही. कुणाचे आयुर्वेदाचे औषध चालू असेल, कुणाला पथ्य सांगितलेले असेल, तर तिने आपल्या वैद्यांचे ऐकावे. कुणाला दूध पचत नसेल, माशाने अंगावर गांधी उठत असतील, तर तिनेही हे खाऊ नये. आणि जिला नुसतेच मनाला पटत नाही, तिच्यासाठी मी आज छोट्या टोपात नारळाच्या दुधाचे वेगळे केले आहे. माझे भांडण पथ्याशी नाही. एखाद्या पोरीच्या अंगावर डाग उठला की तिच्या आईला आरोपी करायचे, त्याच्याशी आहे.

असो. दूध पुष्कळ तापले, आता सुपाकडे वळू.

भाचा दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रजेवर आला. म्हणाला, “मावशी, हे सूप आईला करून घालायचे आहे, पण मी केले तर ती तोंडाला लावणार नाही. तू कर.” मी हो म्हटले आणि फसले. कारण घरात सासूबाई. मी दुधाचे पातेले माशाजवळ सरकविले आणि त्या बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, “अगो, म्हावऱ्यान दूद? आंगाव कोर फुटंल कोर!” सासूबाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगते.

पहिला प्रश्न मासा कुठला घ्यायचा. बर्गनला जुन्या काळी यासाठी सेई नावाचा मासा, तोही लहान आणि ताजा फडफडीत घेत. हल्ली कॉड आणि सामन घालतात. इकडे मुंबईत नॉर्वेचा सामन मिळतो, पण त्याचा भाव ऐकून मी पिशवी घट्ट धरली. हॉटेलात रावसाला इंग्रजीत ‘इंडियन सामन’ म्हणतात, त्याला भुलू नका. रावस वेगळ्या कुळातला आहे. पण या सुपाला मात्र तो फार चांगला. घट्ट, पांढरे मांस आणि काटे मोठे, त्यामुळे काढायला सोपे. रावस मिळाला नाही तर जिताडा घ्या. बांगडा, तारली, पेडवे यांचे तेलकट मासे यात घालू नका. कालवणात ते राजे असतील, पण त्यांचे पाणी उग्र होते आणि दुधाला तो उग्रपणा झाकता येत नाही.

मी १९९९ साली लग्न होऊन कोलशेतला आले, तेव्हा खाडीवरून बोय, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या घरी येत. सासरे पहाटे जात आणि भरतीच्या वेळेप्रमाणे आमच्या घरी जेवणाची वेळ ठरे. आता त्या बाजूला केवढाले टॉवर झाले, आणि खाडीच्या पाण्याचे काय झाले ते तुम्हाला मी काय सांगू. खाडीची बोय मी एकदा या सुपात घालून पाहिली. तिला चिखलाचा वास असतो. तो आपल्या चिंच-लसणीच्या कालवणात मरतो, या सुपात नाही मरत. तेव्हा समुद्राचाच मासा घ्यावा.

पाच माणसांसाठी किलोभराचा एक मासा घ्या. कोळणीकडून साफ करून घेताना डोके, मधला काटा, शेपूट टाकू देऊ नका. सगळे पिशवीत घ्या. खरे सूप त्याचेच होते. डोक्यातले कल्ले मात्र काढायचे, रक्त थंड पाण्याखाली धुऊन काढायचे. कल्ले राहिले तर पाणी कडवट होते. मांसाचे बोटाएवढे मोठे तुकडे करून, किंचित मीठ लावून बाजूला ठेवा. हळद लावू नका! हे मला सगळ्यांत कठीण गेले. मासा धुतला की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. पहिल्या दिवशी गेलाच होता, भाच्याने वरच्यावर धरला.

डोके आणि काटे पातेल्यात घाला, पाच वाट्या थंड पाणी, एक कांदा चिरून, गाजराची टोके, कांद्याच्या पातीचा हिरवा भाग, आठदहा मिरी, एक तमालपत्र. मंद आचेवर ठेवा. वर करडा फेस येईल तो पळीने काढत जा. आणि घड्याळ पाहा. वीस, फार तर पंचवीस मिनिटे. मी पहिल्या दिवशी मटणाच्या पायासारखे तासभर उकळविले. जास्त उकळले तर जास्त कस उतरेल असे वाटले. उतरले ते कडू, चिकट, खळीसारखे पाणी. माशाचा काटा बकऱ्याच्या हाडासारखा नव्हे, त्याचा गुण लवकर उतरतो आणि मागून दोषही उतरतो. गाळून घ्या. इकडे स्टीलच्या पातेल्यात मी घरून काढूनच आणले आहे, वास घ्यायचा असेल त्यांनी पुढे या.

आता दुसऱ्या जाड बुडाच्या पातेल्यात पोह्यांचे दोन चमचे लोणी घाला आणि त्यात तेवढ्याच चमच्यांनी, पण शिगोशीग, मैदा. मंद आचेवर दोन मिनिटे परता. लाडवाच्या बेसनासारखा तांबूस करायचा नाही. रंग बदलू लागला की खाली उतरवा. मग गाळलेले माशाचे पाणी एकेक पळी घालत रवीने घुसळा. एकदम ओतलेत तर गुठळ्या होतील आणि मग जन्मभर त्या मोडत बसाल. सगळे पाणी गेले की पाच-सात मिनिटे उकळू द्या, म्हणजे मैद्याचा कच्चेपणा जातो. त्यात दोन गाजरे, एक नवलकोल, दोन बटाटे, सगळे बारीक चौकोनी चिरून. तिकडे नवलकोलाऐवजी सेलरीचा कंद घालतात, तो आपल्याकडे सहज मिळत नाही. लीक म्हणून जाड पातीसारखी भाजी असते तिच्याऐवजी मी आपल्या पातीचा पांढरा भाग घालते. भाज्या शिजाव्यात, पण पिठूळ होऊ नयेत.

भाज्या शिजल्या की दीड वाटी दूध. हे दूध थंड घालू नका, कोमट करून घाला. आणि यानंतर सुपाला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही.

आता आंबट सायीविषयी. भाचा सांगत होता की यात रोम्मे घालतात. रोम्मे म्हणजे काय? आंबट क्रीम. ते कुठे मिळेल म्हणून आम्ही ठाण्यात दोन दुकाने पालथी घातली. एका दुकानात इवलासा डबा निघाला, त्याची किंमत पाहून मी तो जिथल्या तिथे ठेवला. घरी येऊन फ्रिज उघडला तर समोर माझे सायीचे भांडे. आठवडाभर साठविलेली साय, विरजण लावलेली, शनिवारी घुसळायची म्हणून ठेवलेली. चाखून पाहिली. भाच्याच्या पुढे चमचा धरला. तो म्हणाला, “मावशी, हेच!” म्हणजे आपण जिचे लोणी काढून तूप कढवितो, ती विरजलेली साय ते लोक तशीच सुपात घालतात. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी ती आहे. फार जुनी, कडवट झालेली मात्र नको. दोन दिवसांची उत्तम.

वाटीभर साय चांगली फेटून घ्या. बर्गनच्या पद्धतीत तिच्यात अंड्याचा एक पिवळा बलकही फेटतात, त्याने रंग आणि दाटपणा येतो. नको असेल तर वगळा.

त्याआधी माशाचे तुकडे. ते अगदी शेवटी, आच बारीक करून सुपात सोडायचे. चार-पाच मिनिटे पुरे. मासा पांढरा झाला, बोटाने दाबल्यावर पाकळी सुटू लागली की झाला. माशाला मटणासारखे शिजवत बसले की तो आधी कडक होतो आणि मग त्याचा भुगा होतो. मग पातेले खाली उतरवा. फेटलेल्या सायीत एक पळी गरम सूप घालून ढवळा, म्हणजे साय गरम सुपाला सरावते, आणि मग ती सगळी पातेल्यात ओता.

शेवटी मीठ, चमचाभर साखर आणि दोन लहान चमचे व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर लिंबू. बर्गनच्या सुपाची हीच खूण आहे, किंचित आंबट, किंचित गोड. आपल्या कढीसारखे म्हणा ना. पण हे आंबट शेवटी, खाली उतरविल्यावर, थेंब थेंब घालायचे.

का, ते सांगते. पहिल्या दिवशी माझे सगळे होत आले होते. चव पाहिली, जरा सपक वाटले. भाचा अंघोळीला गेलेला. मी दुधाच्या उकळत्या सुपात अर्धे लिंबू पिळले. बघता बघता सगळे फुटले. वर पिवळे पाणी, खाली पांढऱ्या कण्या, मध्ये रावसाचे तुकडे तरंगतायत. अहो, पनीर करताना आपण दुसरे काय करतो? आंबट आणि कड एकत्र आली की दूध फाटणारच. दुधाला माशाचे वावडे नव्हते, लिंबाचे होते. पण सासूबाई नेमक्या तेव्हाच आत आल्या. पातेल्यात डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “बग. दुदालाच मान्य नाय.” यावर मी काय बोलणार!

ते सूप फेकले नाही, रावसाचे होते. तुकडे काढून धुतले आणि रात्री चिंच घालून कालवण केले. भाच्याने तीन दिवस माझी थट्टा केली. चौथ्या दिवशी पुन्हा केले, ते साधले.

बहिणीला बोलावून घेतले होते. तिला काही सांगितले नव्हते. पण घरात शिरताच तिला लोण्याचा आणि माशाचा वास एकदम आला आणि ती दारातच थांबली. भाच्याने वाडगे भरून तिच्या पुढे ठेवले. ती बघत राहिली. कुणी आग्रह केला नाही, मी तर स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. मग ती म्हणाली, “आता आणखी काय होणार आहे मला?” आणि चमचा उचलला. अर्धे वाडगे झाल्यावर तिने डोळ्यांना पदर लावला. पोरगा घाबरला, म्हणाला, “आई, आवडले नाही का?” ती म्हणाली, “आवडलं रे. तिला त्या रात्री भूक लागली होती, एवढंच होतं ते.” तिने आणखी घेतले. त्या रात्री झोपताना चहाही दुधाचा प्यायली, तेवीस-चोवीस वर्षांनी.

सासूबाईंचे विचाराल, तर त्या दिवशी त्यांनी घेतले नाही. आठ दिवसांनी मला म्हणाल्या, “नारलाच्या दुदान कर बगू.” त्यावरून हा छोटा टोप. त्यात मैद्याऐवजी तांदळाची पिठी लावली आहे, साय नाही, बाकी सगळे तसेच. नारळाचे दाट दूध शेवटी घालायचे आणि उकळायचे नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. चव वेगळी लागते, कोकणाकडे झुकते. मला विचाराल तर सायीचेच अधिक चांगले, पण सासूबाई पहिल्या रांगेत आहेत.

शेपूविषयी एक शब्द. तिकडे मासा म्हटला की बडीशेपेच्या पानांसारखी एक हिरवी काडी वर असतेच, तिला डिल म्हणतात. पोरांनी मोबाईलवर शोधले तर तो निघाला आपला शेपू! जो घरी आणला की मुले नाके मुरडतात तोच. सुपावर चिमूटभर बारीक चिरून घालायचा, जास्त नाही. आमची मुलगी, जी शेपूच्या भाजीच्या दिवशी मैत्रिणीकडे जेवायला जाते, ती हे सूप वर शेपू मागून घेते. एवढ्याचसाठी मी तरी नॉर्वेच्या लोकांचे आभार मानीन.

सोबत ते लोक जाड काळसर पाव आणि लोणी घेतात. आमच्याकडे भाकरीबरोबर करून पाहिले, जमले नाही. बेकरीचा कडक पाव बरा लागतो. भात मात्र कुणी कालवू नका. म्हणजे कालवा, पण मला दाखवू नका.

उरलेले सूप दुसऱ्या दिवशी गरम करायचे झाल्यास मंद आचेवर, ढवळत. आणि करायचे ते थंडीत करा, मासळीही चांगली असते आणि हे प्यायलाही हवा लागते.

आता माझे बोलणे पुरे, पातेल्यात मासा सोडून पाच मिनिटे होत आली. चिटणीसबाई, गॅस बंद करा. वाट्या तीसच आणल्या आहेत, तेव्हा दोघी-दोघींत एक घ्या आणि धुऊन पुढे द्या. मोठ्या टोपात सायीचे आहे, छोट्यात नारळाचे, दोन्हींत पळ्या वेगळ्या आहेत. ज्यांना शेपू नको असेल त्यांनी आधीच सांगा. रांग उजवीकडून लावा. मोठ्या टोपापाशी माझी बहीण उभी आहे, तीच वाढणार आहे.